आईला वाचून दाखवलेलं पुस्तक

नांदूरघाट,
४ ऑगस्ट २०२४

रामा,

आशीर्वाद आहेतच, ते काही पुस्तकावर अवलंबून नाहीत. आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की अक्कानं ते परत मागून घेतले.

पुस्तक पोचलं. कुरियरवाला वाचनालयातच देऊन गेला. आत तुझं अक्षर: 'प्रिय अक्कास, ही आपल्या सगळ्यांची गोष्ट.' खोटं कावून सांगू, डोळे भरून आले. रोज पेपर वाचायला येणारे बंकटमामा समोरच बसले होते, त्यांना तुझा फोटो दाखवला. ओळखीतल्या माणसाचा फोटो छापून येतो तो निधनवार्तेतच, अशी मामांची समजूत. चष्मा सावरत म्हणाले, "आरारा! कवा गेला?" म्हटलं, गेला न्हाई मामा, लेखक झालाय.

तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा 'अक्का, मीटिंगमध्ये आहे' म्हणालास. दुसऱ्यांदा नुसतं अंगठ्याचं चित्र आलं. म्हणून हा कागद घेतला.

तर, वाचलं. रामा, मला न्हाई आवडलं.

लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. न्हाई वाटलं. उठून दोनदा दारापर्यंत जाऊन आले. सगळा महाराष्ट्र वाखाणतोय, एवढं मोठं बक्षीस मिळालंय, पेपरवाले म्हणतात असं पुस्तक मराठवाड्यातून कधी आलंच नव्हतं, आणि मी सख्खी बहीण असून हे लिहिते. आधी वाटलं, चूक माझीच. मी काय, बाहेरून बसून बीए केलेली बाई. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तसंच झालं.

पहिलं वाक्य पान उलटून पलीकडं जातं. उन्हाचं वर्णन संपता संपत न्हाई. ऊन आम्ही खाल्लंय बाबा, पण त्याच्याकडं एवढं टक लावून बघायला मुकादमानं कधी सवड दिली न्हाई. तुझ्या ऊसतोडीच्या फडावरची एकही बाई हसत न्हाई. पाण्याच्या टँकरवर भांडण न्हाई, शिवी न्हाई, कुणी कुणाच्या भाकरीला नावं ठेवत न्हाई. जेवतानासुद्धा सगळे मुके. आणि आई! 'तिच्या डोळ्यांत दुष्काळ उभा होता.' अरे, आपल्या आईच्या डोळ्यांत काय उभं असायचं ते तुला ठाऊक न्हाई? मुंजाजी मुकादमाची चाल करून दाखवायची ती, पोट पुढं काढून, मिशीवर बोट फिरवत, आणि सगळी टोळी ऊस टाकून हसत बसायची. मुंजाजी मागं येऊन उभा राहिला तरी थांबायची न्हाई. सुभद्राबाई म्हटलं की आजही माणसं आधी हसतात आणि मग बोलतात. ती बाई तुझ्या पुस्तकात कुठं गेली?

आणखी एक सांगते, रागावायचं तर एकदमच रागाव. आमच्या वाचनालयात 'पाचटातलं आभाळ'च्या दोन प्रती आहेत, दोन्ही सारख्या बाहेर असतात. परत आल्या की मी कडेनं बघते. माणूस जिथवर वाचतो तिथवर पानांची कड मळते, पुढं पांढरी राहते. तुझ्या दोन्ही प्रती सुरुवातीला मळक्या आणि पुढं नव्या नवरीसारख्या कोऱ्या. पण परत करताना जो तो म्हणतो, "जबरदस्त!" हायस्कूलला मराठी शिकवायचे ते भागवत सर, एकट्या त्यांनी शेवटपर्यंत वाचलंय, स्वतःची प्रत विकत घेऊन. ते मनापासून चांगलं म्हणतात, म्हणून त्यांच्याशी मी वाद घातला न्हाई. बाकीच्यांना मीही म्हणते, "हो, छान आहे." काय करणार, भाऊ पडलास.

राहू दे. चहा उतू चाललाय.

अक्का


१३ ऑगस्ट २०२४

रामा,

उत्तर न्हाई. हरकत न्हाई. माझंच आणखी थोडं राहिलंय.

आईला कळलं. दादा गेले आणि घरात ती एकटीच उरली, तेव्हापासून माझ्याकडंच आहे, तिच्यापासून काय लपतंय? मी पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. शेजारच्या वच्छलाबाईनं पेपरात तुझा फोटो बघितला आणि सांगितलं. आई कंबरेवर हात ठेवून पुढ्यात उभी. "राम्याचं पुस्तक आलंय आन् मला दाखीवलं न्हाईस? काड भाईर. वाच."

दुपारी वाचनालय बंद असतं, तेवढाच वेळ मोकळा. ओसरीत बसलो. तिच्या मांडीवर तुरीचं सूप, माझ्या हातात तू. मी वाचायला लागले. थोडं झाल्यावर आई म्हणाली, "ही बाई कोन?"

"तू आहेस."

"मी? मंग बोलंना कावून? मुकी हाय का?"

"दुःखात आहे ती."

"किती दिस?"

"शेवटपर्यंत."

आईनं सूप खाली ठेवलं. "मंग मला कशाला बसवलं मदी? दवाखान्यातली एखादी बसवायची."

मला हसू आलं, पण तिला न्हाई आलं. पुढं वाचत गेले तशी तिला डुलकी लागली. जागी झाल्यावर विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, ऊन पडलं. "आजून?" म्हणाली. आणि मग तोंड बारीक करून म्हणाली, "चांगलंच आसल. एवढं बक्षीस दिलंय लोकांनी. मलाच कळत न्हाई, मी आडानी."

इथं माझं डोकं फिरलं. ज्या बाईनं उसाच्या नुसत्या रंगावरून सांगावं की मोळी किती भरेल, जिच्या एका शब्दावर टोळीतली भांडणं मिटायची, ती आपल्याच पोराच्या पुस्तकापुढं अडाणी झाली. तिच्याबद्दलच्या पुस्तकापुढं! ते मला सहन झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली. काय केलं ते आज लिहीत न्हाई.

तुझी तब्येत बरी आहे ना? पेपरातल्या फोटोत वाळलेला दिसतोस. जेवत जा.

अक्का


१ सप्टेंबर २०२४

रामा,

आला तुझा निरोप. फोनवर, दोन ओळींत. 'अक्का, तू एवढं वाचलंस याचा आनंद आहे. कादंबरी कल्पित असते, भागवत सरांकडून एकदा समजून घे.'

समजून घे! पंधरा-वीस वर्षं मी पुस्तकांत बसलेय. लोकांना काय आवडतं, कशाला रडतात, कुठलं पान फाडून घरी नेतात, ते मला माहीत आहे. कल्पित म्हणजे काय ते मला कळतं बरं. पण आता तू म्हणतोसच तर ठीक आहे. मी जे केलं तेही कल्पितच समज.

मी तुझं पुस्तक उघडं धरते आणि माझंच वाचते.

सुरुवात मुंजाजीच्या चालीपासून केली. मग टँकरवरची मारामारी. मग तो ट्रकचा ड्रायव्हर, ज्यानं आईच्या पिठल्याला नावं ठेवली आणि आईनं दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात नुसता ठेचा भरून दिला. आई एवढी हसली की तूर अंगणात सांडली. "हे लिवलं त्यानं? ह्याला कसं ठावं? हा तवा बीडात व्हता की!" मी पटकन पान उलटलं. म्हटलं, तूच कधीतरी सांगितलं असशील. "आसल बाई," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून पुन्हा हसायला लागली.

आता वच्छलाबाई येऊन बसते. ती तिच्या जावेला आणते. पोळ्याच्या सामानाची धांदल असूनसुद्धा काल ओसरी भरली होती. माझ्या वाचनालयात एवढ्या बाया कधी जमल्या न्हाईत. तुझं पुस्तक नांदूरघाटात लई गाजतंय रामा. फक्त ते तुझं न्हाई.

मजा वाटायला पाहिजे होती मला. वाटत न्हाई. जेवताना घास फिरतो. वाचता वाचता बोट पानावरून घसरलं तर कुणाला कळेल का, म्हणून हात घट्ट धरून बसते. आणि परवा आईनं विचारलं, "रानी, तू कवा येतीस गं त्यात?"

"येते पुढं," म्हटलं.

आता लिहूनच टाकते. उन्हाचं आणि लांब वाक्यांचं मी जे एवढं लिहिलं, ते खरं आहे, पण मुद्दा तो न्हाई. मी प्रत्येक पानावर मला शोधत होते. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर मुद्दाम सावकाश वाचलं, म्हटलं, एखाद्या ओळीत पाणी द्यायला तरी आले असेन. तुझ्या पुस्तकात तुला बहीण न्हाई. एकुलता एक आहेस तू.

आणि ते पान! पेपरात ज्याच्या त्याच्या लेखात आलेलं. दादा ट्रकच्या फळीवरून मोळीसकट पडले, कंबर गेली. फडावर कोयता म्हणजे जोडी, दोघांचा मिळून एक. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तोडायला उसाच्या ओळींची पात देत न्हाई. हे पुण्याच्या लोकांना तू चांगलं समजावलंस, मान्य. मग पहाटे आई एकटी उभी आहे आणि नऊ वर्षांचा पोरगा बापाचा कोयता उचलून तिच्या शेजारी उभा राहतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो म्हणे.

तू बीडला वसतिगृहात होतास. ती मी होते. आठवीत होते. पुढचे सहा हंगाम त्या पातीला आईबरोबर मी होते, म्हणून तर तू बीडला राहिलास. मला तू काढून टाकलं असतंस तरी एक वेळ चाललं असतं. तू माझ्या जागी जाऊन उभा राहिलास, ते मला चालत न्हाई.

लई लिहिलं. हात दुखतो.

अक्का


१५ सप्टेंबर २०२४

रामा,

धारूरला तुझा सत्कार ठरला. तुला निमंत्रण आलंच असेल. विजयसिंहांनी मनावर घेतलंय. त्यांना यंदा उभं राहायचंय, आचारसंहिता लागायच्या आत त्यांना कुणाचा तरी सत्कार करायचा होता, आणि टोळ्या गाड्या भरून गेल्या की टाळ्या वाजवायला गावात माणूस राहत न्हाई. म्हणून ६ ऑक्टोबर. भागवत सर पुस्तकावर बोलणार. आईचाही सत्कार, साडी-चोळी देऊन. आईनं आत्तापासून कुठलं लुगडं नेसायचं ते काढून ठेवलंय.

मी लिहिते आहे ते दुसऱ्या कारणानं. मी एक उद्योग केला आणि तो माझ्याच अंगाशी आला.

आई रोज विचारायची, तू कवा येतीस. शेवटी परवा मी मला आणलं. ओसरीत बाया होत्या. मी वाचलं: पहाट होती, थंडी होती, आई एकटी उभी होती, मुंजाजी म्हणाला, अर्ध्या कोयत्याला पात न्हाई. तेव्हा रानी पाचटाच्या कोपीतून बाहेर आली, दादांचा कोयता उचलला आणि म्हणाली, आजपासून मी. लई जोरात वाचलं. वच्छलाबाईनं डोळे पुसले. मलाही भरून आलं.

आई म्हणाली, "आसं न्हवतं झालं."

आईनं बायांना सांगितलं, जा आता, उद्या या. त्या गेल्यावर मला म्हणाली, "त्यानं आसं लिवलंय? तू आपनहून आलीस म्हनून?"

मी मान हलवली.

"खोटं हाय ते. तू दप्तर छातीशी धरून बसलतीस. मी वढून घेतलं. तू रडत व्हतीस, मी हाताला धरून तुला उभी केली. दोन लेकरं व्हती मला. कुनाला शाळंतून काडायचं ह्याचा मी इचारबी केला न्हाई गं. तू पोरगी, म्हनून तुला काडलं."

रामा, मला हे माहीत होतंच की. माझंच दप्तर होतं. पण मी आजवर सगळ्यांना, तुझ्या भाऊजींनासुद्धा, सांगत आले की मीच कोयता उचलला. तसं सांगताना बरं वाटायचं. तुझ्यावर एवढी चिडले आणि लिहायला बसले तर मीही मला शूर करून ठेवलं. म्हणजे तुझी खोड मला लागली म्हण, न्हाई तर आपल्या दोघांची ती आधीपासूनचीच म्हण.

आई एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला वाटलं व्हतं, त्यानं ते लिवलं आसल. शिकलेला हाय, त्याला लिवता येतं. मला हे आजवर तोंडानं बोलता आलं न्हाई बाई. तुझ्याकडं बगून तर न्हाईच न्हाई. पुस्तक लिवतोय म्हनला तवापास्नं मी वाट बगत हाय. म्हनलं, त्यात आसल, लोक वाचतील, रानी वाचील, माझं वझं उतरल. शेवटाला हाय का बग. आजून पानं हायेत ना?"

आहेत म्हटलं. पानं आहेत.

तेव्हापासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालते. भात दोनदा करपला. त्या बाईला आज एवढंच पाहिजे, की तिनं जे केलं ते तिच्या पोरानं जगाला सांगावं. शिव्या द्याव्यात, तरी चालेल. आणि तू तिला देवी करून बसवलीस. देवीला कुणी माफ करत न्हाई रामा, तिच्या पाया पडतात.

म्हणून एवढंच मागते. सत्काराला ये. माझ्याबद्दल काही बोलू नकोस, मला नको ते. नुसतं उभं राहून सांग, त्या पातीला मी नव्हतो, माझी बहीण होती, आईनं तिला शाळेतून काढलं आणि मला ठेवलं. आईकडं बघून सांग. एका वाक्याचं काम आहे. तू तर पानभर वाक्य लिहितोस.

अक्का


२९ सप्टेंबर २०२४

रामा,

कळलं. त्याच दिवशी दिल्लीत कार्यक्रम आहे, विमानाचं तिकीट झालेलं आहे. विजयसिंह म्हणाले, लेखक नसले तरी चालतील, मातोश्री आहेत. त्यांचे बॅनर छापून झालेत.

आणि तू लिहिलंस, 'दुसऱ्या आवृत्तीत अर्पणपत्रिकेत तुझं नाव टाकतो.' ते वाचून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि सगळे कपडे पिळून पिळून पुन्हा पिळले. अर्पणपत्रिकेत नको टाकूस मला. ते पान जो तो उलटून पुढं जातो, रोज बघते मी.

तू 'त्या पानाबद्दल मला स्वतःलाच बोलता येत नाही, अक्का' असंही लिहिलंस. ती ओळ मात्र मी लई वेळा वाचली. तुझ्या सगळ्या पुस्तकापेक्षा ती बरी आहे. लहान आहे आणि खरी आहे. लाज वाटते का तुला? वाटत असेल तर तसं लिही. मला शेजारी बसवून लिही, मी काही मारणार न्हाई. एखादी लावीन फार तर.

तुझ्यासाठी थांबता आलं असतं तर थांबले असते. पण आई रोज विचारत होती, शेवटाला काय हाय. काल दुपारी कुणी नव्हतं. मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथं तू आभाळ आणि पाचट आणि एक पाखरू लिहिलंय. मी ते बघत बसले आणि दुसरंच वाचलं. आईनं जसं सांगितलं तसंच. दप्तर. ओढून घेतलं ते. रडणं. 'पोरगी म्हणून तिला काढलं, पोरगा म्हणून मला ठेवलं. आईनं ते केलं, आणि मी त्याच्यावर शिकलो.' हे शेवटचं वाक्य माझं आहे, पण तुझ्या तोंडी घातलं. तुझं म्हणून तिला ऐकायचं होतं.

वाचून झालं. आई माझ्या हातावरच्या कोयत्याच्या जुन्या वणावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "बरं केलं त्यानं. लपीवलं न्हाई." मग भाकर खाल्ली आणि झोपली. घोरत होती. कितीतरी दिवसांत तिला असं निवांत झोपलेलं बघितलं न्हाई.

मी मात्र जागीच. आता सत्काराला काय होईल याचा विचार करून डोकं भणभणतंय. भागवत सर तेच पान वाचणार, ते ठरलेलंच आहे. आईला घरी ठेवावं म्हटलं तर तिचं लुगडं इस्त्री होऊन आलंय.

अक्का


८ ऑक्टोबर २०२४

रामा,

व्हिडिओ तुला आला असेल. विजयसिंहांच्या पोरांनी कापून-जोडून केलेला, त्यात नुसते हार आहेत. म्हणून मी लिहिते.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. बॅनरवर विजयसिंहांचं तोंड केवढं, आणि तू कोपऱ्यात, शिक्क्याएवढा. तुझ्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी तुझा फोटो ठेवला आणि वर हार घातला. आई खालून ओरडली, "काड तो हार! जित्ता हाय माझा ल्योक!" पोरांची पळापळ झाली. बंकटमामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना फसवलं होतं.

पुढच्या रांगेत आपल्या टोळीची माणसं होती. मुंजाजी होता, आता काठी घेऊन चालतो, पोट गेलं सगळं. आई त्याला म्हणाली, मुकादम, तुमची चाल आता माझ्याकडंच राहिली.

भागवत सर उठले. चांगलं बोलतात ते, मला मान्य आहे. आणि मग त्यांनी पुस्तक उघडलं. "नऊ वर्षांच्या पोरानं बापाचा कोयता उचलला..." आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी खाली जमिनीकडं बघत राहिले. आता जमीन फाटावी आणि आपण आत जावं, असं म्हणतात ना, तसंच वाटलं.

मग माईकवाल्यानं नाव घेतलं, वीरमाता सुभद्राबाई मोहनराव. आई उठली आणि माझं मनगट धरलं. म्हटलं, आई, तुझा सत्कार आहे, तू जा. "चल," म्हणाली, "आर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय?" पुढच्या रांगेतल्या बाया खुदकन हसल्या. त्यांना सांगायची गरज नव्हती. मला ओढतच वर नेलं.

साडी घेतली, नारळ घेतला, आणि विजयसिंहांच्या हातातला माईक धरला. ते सोडेनात, हिनं सोडला न्हाई. जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"गुर्जी, तुमी लई ग्वाड वाचता. पर हितं तुमच्या वाचन्यात चूक झाली. माझा राम्या तवा बीडला व्हता. माझ्या पातीला ही व्हती. हिचं दप्तर मी वढून घेतलं आन् हातात कोयता दिला. रडत व्हती तरी दिला. पोरगी हाय म्हनून दिला. इतकी वर्सं कुनाला बोलले न्हाई, हिलाबी न्हाई. पर माझ्या लेकानं पुस्तकात लिवलं. शेवटच्या पानावर हाय, मी ऐकलंय. आईची चूक हाय तरी लिवलं, लपीवलं न्हाई. म्हनून त्याचा सत्कार करा. पोरा, माझ्यापेक्षा तू धीट निगालास."

पुढं बसलेला मुंजाजी म्हणाला, "खरं हाय. पोरगीच व्हती."

भागवत सरांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. बघितलं. मागचं पान बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बाकी कुणी काहीच म्हणालं न्हाई, कारण शेवटच्या पानापर्यंत कुणी गेलेलंच नव्हतं. टाळ्या मात्र एवढ्या झाल्या की माईकवाला दोनदा शांत राहा म्हणाला. ऊसतोडीच्या बाया उभ्या राहून वाजवत होत्या. विजयसिंहांनीही वाजवल्या. सगळ्या तुझ्यासाठी.

काल भागवत सर वाचनालयात आले. बराच वेळ बसले, पेपर उघडला न्हाई. जाताना म्हणाले, "ताई, आईंनी जे पुस्तक ऐकलं, ते मला वाचायला मिळेल का?" मी म्हटलं, अजून आलं न्हाई सर. ते म्हणाले, आलं की आधी मला.

रामा, मला तुझा राग आहे. गेला न्हाई, उगीच गेला म्हणून लिहिणार न्हाई. पण व्यासपीठावर आईनं माझं मनगट धरलं होतं, पातीतून पहाटे न्यायची तस्संच, आणि मला रडू फुटलं, आणि त्या वेळी वाटलं, हा इथं पाहिजे होता. हे त्यानं बघायला पाहिजे होतं. वाईट एवढ्याचंच वाटतं, की आईला आता पुस्तकातला राम्या लई आवडतो, आणि तो तू न्हाईस. अजून न्हाईस.

आत्ता ती शेजारीच बसलीय, नव्या साडीची घडी मोडून बघतेय. विचारते, "राम्याला लिवतीस का?" हो म्हटलं.

"मंग लिव. म्हनावं, पुस्तक लई चांगलं झालं. मला समदं कळलं."

लिहिलं.

अक्का